बेलफास्टमधील पर्यटन

बेलफास्ट हे युनायटेड किंग्डममधील उत्तर आयर्लंडचे राजधानीचे शहर असून ते लॅगन नदीच्या मुखाशी वसलेले एक प्रमुख बंदर आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ पर्यंत चाललेल्या सशस्त्र संघर्षाच्या काळात बॉम्बस्फोट, दंगली व लष्करी बंदोबस्त हीच या शहराची जगभर ओळख होती. १९९८ च्या शांतता करारानंतर पर्यटन हा येथील अर्थव्यवस्थेचा महत्त्वाचा घटक बनला. टायटॅनिक जहाजाची जन्मभूमी, व्हिक्टोरियाकालीन वास्तू, विद्यापीठ व उद्याने यांबरोबरच संघर्षाच्या खुणा पाहण्यासाठीही येथे देशोदेशींचे प्रवासी येतात. 'शांतता भिंती', घरांवरील भित्तिचित्रे, जुना तुरुंग, दफनभूमी व स्मृतिउद्याने या त्यांपैकी प्रमुख खुणा होत. या खुणांच्या सान्निध्यात, बहुधा त्याच गल्ल्यांतून, संघर्षात आप्त गमावलेली कुटुंबे आजही राहतात. त्यामुळे येथील पर्यटनाला स्मृती, न्याय व सामाजिक सलोखा यांच्या प्रश्नांची जोड मिळालेली आहे.

नाव व लोकवस्ती

'बेलफास्ट' हे नाव आयरिश भाषेतील 'बेल फेर्श्चे' या नावावरून आले असून त्याचा अर्थ 'वाळूच्या दांड्याचे मुख' असा दिला जातो. याच दांड्यावरून फारसेट या छोट्या नदीलाही नाव मिळाले. ही नदी आता शहराखालून बंदिस्त नाल्यातून वाहते. २०२१ च्या जनगणनेनुसार बेलफास्ट महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ३ लाख ४५ हजार होती. एकेकाळी प्रोटेस्टंटबहुल असलेल्या या शहरात आज कॅथलिक पार्श्वभूमीच्या नागरिकांची संख्या अधिक आहे. ढोबळमानाने पश्चिम बेलफास्टमध्ये कॅथलिक व पूर्व बेलफास्टमध्ये प्रोटेस्टंट वस्ती अधिक असून उत्तर बेलफास्टमध्ये दोहोंचे मोहल्ले एकमेकांना खेटून आहेत. भिंतींची संख्या उत्तर व पश्चिम भागांत जास्त असण्याचे हेच कारण आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंड व स्कॉटलंडमधून आलेल्या प्रोटेस्टंट वसाहतकारांना आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात जमिनी देण्यात आल्या. मूळ आयरिश प्रजा कॅथलिक होती. जमीन, राजसत्ता व पंथ यांची अशी एकत्र गुंफण झाल्यामुळे पुढील साडेतीनशे वर्षांच्या संघर्षाचे बीज पडले. १६९० मध्ये बॉइन नदीकाठच्या लढाईत प्रोटेस्टंट राजा तिसरा विल्यम याने पदच्युत कॅथलिक राजा दुसरा जेम्स याचा पराभव केला. या विजयाचा उत्सव आजही दरवर्षी १२ जुलैला साजरा होतो.

मात्र पंथभेद व राजकीय भेद नेहमीच एकरूप नव्हते. १७९१ मध्ये बेलफास्टमध्येच 'युनायटेड आयरिशमेन' या संघटनेची स्थापना झाली. तिचे येथील संस्थापक बहुतांशी प्रेस्बिटेरियन प्रोटेस्टंट होते आणि कॅथलिकांना समान हक्क मिळावेत, अशी त्यांची मागणी होती. १७९८ च्या उठावानंतर या संघटनेचा नेता हेन्री जॉय मॅक्रॅकन याला शहराच्या मध्यवर्ती कॉर्नमार्केट भागात फाशी देण्यात आले.

एकोणिसाव्या शतकात लिनन अर्थात अळशीच्या धाग्याचे कापड, दोरखंड व जहाजबांधणी या उद्योगांमुळे शहराची झपाट्याने वाढ झाली. १८८८ मध्ये बेलफास्टला नगराचा औपचारिक दर्जा मिळाला. रोजगारासाठी खेड्यांतून आलेले कामगार आपापल्या पंथाच्या वस्तीत राहू लागले आणि १८५७, १८६४ व १८८६ या वर्षांत मोठ्या दंगली झाल्या. जुलै १९२० मध्ये जहाजबांधणी कारखान्यांतून हजारो कॅथलिक कामगारांना, तसेच त्यांची बाजू घेणाऱ्या काही प्रोटेस्टंट कामगारांनाही हाकलून लावण्यात आले. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी होऊन उत्तर आयर्लंड अस्तित्वात आले.

फाळणीनंतर घरवाटप, नोकऱ्या व मतदारसंघांची रचना यांत होणाऱ्या भेदभावाविरुद्ध १९६० च्या दशकात नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली. ऑगस्ट १९६९ मध्ये बेलफास्टमध्ये भीषण दंगली झाल्या, घरांच्या रांगाच्या रांगा जाळण्यात आल्या आणि ब्रिटिश लष्कर रस्त्यावर उतरले. पुढील तीन दशकांच्या या कालखंडाला 'द ट्रबल्स' म्हणजे 'त्रासाचे दिवस' अशा काहीशा सौम्य नावाने ओळखले जाते. आयर्लंडच्या एकीकरणासाठी शस्त्र उचलणाऱ्या प्रजासत्ताकवादी संघटना, युनायटेड किंग्डमशी निष्ठा सांगणाऱ्या लॉयलिस्ट संघटना आणि सरकारी सुरक्षा दले असे तीन मुख्य पक्ष त्यात होते. या काळात सुमारे ३,५०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होते आणि सुमारे दीड हजार मृत्यू एकट्या बेलफास्टमध्ये झाले. १० एप्रिल १९९८ रोजी झालेल्या 'गुड फ्रायडे करारा'ने सत्तावाटपाची व्यवस्था निर्माण केली. त्याच वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक जॉन ह्यूम व डेव्हिड ट्रिंबल या दोन नेत्यांना विभागून देण्यात आले.

पर्यटनाचा विकास

संघर्षाच्या काळात शहराच्या मध्यभागाभोवती लोखंडी फाटकांचे कडे होते. खरेदीला येणाऱ्या प्रत्येकाची झडती घेतली जाई आणि सायंकाळनंतर रस्ते ओस पडत. २१ जुलै १९७२ या 'रक्तरंजित शुक्रवारी' सुमारे सव्वा तासात वीसच्या आसपास बॉम्बस्फोट होऊन ९ जण ठार व १३० जण जखमी झाले. अशा शहरात पर्यटक येणे जवळजवळ अशक्यच होते. ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवर १९७१ मध्ये सुरू झालेल्या युरोपा हॉटेलमध्ये प्रामुख्याने वृत्तपत्रांचे प्रतिनिधी उतरत. त्यावर तीसहून अधिक वेळा बॉम्बहल्ले झाले आणि युरोपातील सर्वाधिक बॉम्बहल्ले झालेले हॉटेल अशी त्याची ख्याती झाली. हे हॉटेल आजही चालू आहे.

१९९४ च्या शस्त्रसंधीनंतर परिस्थिती पालटू लागली. लॅगन नदीवर बंधारा बांधून तिचा काठ सुधारण्यात आला आणि १९९७ मध्ये तेथे 'वॉटरफ्रंट हॉल' हे सभागृह उभे राहिले. २०१२ मध्ये टायटॅनिक संग्रहालय खुले झाल्यावर शहराचे नाव जागतिक पर्यटनाच्या नकाशावर आले. २०२१ मध्ये युनेस्कोने बेलफास्टला 'संगीतनगरी' हा दर्जा दिला.

संघर्षाशी संबंधित स्थळे

शांतता भिंती : दोन समाजांच्या वस्त्यांमधील या भिंतींची सुरुवात सप्टेंबर १९६९ मध्ये लष्कराने उभारलेल्या काटेरी तारांच्या व पत्र्यांच्या कुंपणापासून झाली. हे कुंपण तात्पुरते असल्याचे तेव्हा जाहीर करण्यात आले होते. प्रत्यक्षात त्याच्या जागी वीट, काँक्रीट व लोखंडी जाळ्यांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि शांतता करारानंतरही काही ठिकाणी त्यांत भर पडली. बर्लिनची भिंत २८ वर्षे टिकली, तर बेलफास्टमधील भिंतींनी पन्नाशी ओलांडली आहे. पश्चिम बेलफास्टमधील फॉल्स व शँकिल या भागांना विभागणारी कूपर वे येथील भिंत सर्वांत प्रसिद्ध आहे. प्रवासी तिच्यावर शांततेचे संदेश लिहितात. तिच्या पलीकडच्या घरांच्या परसदारांवर दगड व बाटल्या पडू नयेत म्हणून लोखंडी जाळ्या बसवलेल्या आहेत. काही रस्त्यांवरील फाटके दिवसा उघडी असतात व रात्री बंद होतात.

उत्तर बेलफास्टमधील अलेक्झांड्रा पार्क हे सार्वजनिक उद्यानच १९९४ मध्ये भिंत घालून दुभागण्यात आले. २०११ मध्ये तिच्यात एक फाटक बसवण्यात आले व दिवसाच्या ठरावीक वेळी ते उघडले जाऊ लागले. सर्व भिंती २०२३ पर्यंत हटवण्याचे उद्दिष्ट उत्तर आयर्लंड सरकारने २०१३ मध्ये जाहीर केले होते. क्रमलिन रोडवरील एक भिंत २०१६ मध्ये पाडण्यात आली, परंतु एकूण उद्दिष्ट पूर्ण झाले नाही. भिंतीलगत राहणाऱ्या अनेक रहिवाशांना त्या पाडल्यास असुरक्षित वाटेल, हे यामागील एक प्रमुख कारण आहे.

बॉम्बे स्ट्रीट व क्लोनार्ड : फॉल्स रोडजवळील क्लोनार्ड भागात बॉम्बे स्ट्रीट, काश्मीर रोड व कानपूर स्ट्रीट अशी नावे असलेले रस्ते आहेत. ब्रिटिश साम्राज्याच्या काळात कामगारांच्या चाळवजा घरांच्या रांगांना हिंदुस्थानातील गावांची नावे देण्यात आली, ती तशीच राहिली. कानपूरचे स्पेलिंगही तेथे जुन्या इंग्रजी वळणाचे, 'कॉनपोर' असे आहे. १५ ऑगस्ट १९६९ रोजी बॉम्बे स्ट्रीटवरील बहुतेक घरे जमावाने जाळली व तेथील कॅथलिक कुटुंबे बेघर झाली. रहिवाशांनी ही घरे पुन्हा बांधली. आज तेथे स्मृतिउद्यान असून त्याच्या मागेच शांतता भिंत उभी आहे. जवळच्या क्लोनार्ड मठातील धर्मगुरू ॲलेक रीड यांनी १९८० च्या दशकात प्रतिस्पर्धी नेत्यांमध्ये गुप्त संवाद घडवून आणला. शांतता प्रक्रियेच्या इतिहासात या मठाला म्हणूनच महत्त्वाचे स्थान आहे.

भित्तिचित्रे : रांगेतील शेवटच्या घराच्या बाजूच्या सपाट भिंतीवर चित्रे काढण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभी प्रोटेस्टंट वस्त्यांत सुरू झाली. पांढऱ्या घोड्यावर स्वार झालेला राजा विल्यम हा त्या चित्रांचा आवडता विषय होता. कॅथलिक वस्त्यांत ही प्रथा प्रामुख्याने १९८१ च्या तुरुंगातील उपोषणानंतर रुजली. राजकीय कैद्याचा दर्जा मिळावा या मागणीसाठी झालेल्या त्या उपोषणात १० कैदी मरण पावले. त्यांपैकी पहिला, ६६ दिवसांच्या उपोषणानंतर ५ मे १९८१ रोजी मृत्यू पावलेला बॉबी सँड्स, याचे फॉल्स रोडवरील हसतमुख चित्र सर्वाधिक छायाचित्रित चित्रांपैकी एक आहे. जवळच्या 'आंतरराष्ट्रीय भिंती'वर जगातील इतर लढ्यांविषयीची चित्रे असून ती वेळोवेळी बदलली जातात. २००६ पासून राबवलेल्या एका शासकीय योजनेतून शस्त्रधारी, बुरखाधारी आकृतींच्या काही चित्रांच्या जागी स्थानिक इतिहास, खेळाडू व कामगार जीवन यांवरील चित्रे काढण्यात आली. मात्र बंदूकधाऱ्यांची चित्रे पूर्णपणे नाहीशी झालेली नाहीत.

क्रमलिन रोड तुरुंग : स्थापत्यविशारद चार्ल्स लॅनियन यांच्या आराखड्यानुसार बांधलेला हा तुरुंग १८४६ मध्ये सुरू झाला व १९९६ मध्ये बंद झाला. येथे १७ कैद्यांना फाशी देण्यात आली. त्यांपैकी शेवटची फाशी १९६१ मध्ये झाली. समोरच्या न्यायालयाशी तुरुंग जोडणारे भुयार, कोठड्या व फाशीघर पर्यटकांना दाखवले जाते. दोन्ही बाजूंचे कैदी येथे ठेवले जात असल्याने ही वास्तू कोणत्याही एका समाजाची मानली जात नाही.

दफनभूमी : १८६९ मध्ये सुरू झालेल्या सिटी सिमेटरीत कॅथलिक व प्रोटेस्टंट विभागांच्या मध्ये सुमारे पावणेतीन मीटर खोल अशी भूमिगत भिंत बांधण्यात आली. ती वरून दिसत नाही. जमिनीखाली मृतांनाही वेगळे ठेवणे हाच तिचा हेतू होता. समोरच्या मिलटाउन दफनभूमीत अनेक प्रजासत्ताकवाद्यांच्या कबरी आहेत. १६ मार्च १९८८ रोजी तेथे एका अंत्ययात्रेवर झालेल्या हल्ल्यात ३ जण ठार झाले.

स्मारके व संग्रह : डिसेंबर १९७१ मध्ये मॅकगर्क्स बारमधील स्फोटात १५ जण ठार झाले, तर ऑक्टोबर १९९३ मध्ये शँकिल रोडवरील मासळीच्या दुकानातील स्फोटात हल्लेखोरासह १० जण ठार झाले. या दोन्ही ठिकाणी स्मारके आहेत. पहिला हल्ला लॉयलिस्टांनी व दुसरा प्रजासत्ताकवाद्यांनी केला होता. संपूर्ण संघर्षाचे सर्वमान्य असे स्वतंत्र राष्ट्रीय संग्रहालय अद्याप झालेले नाही. अल्स्टर म्युझियममध्ये या विषयाचे एक दालन आहे. कॉनवे मिल या जुन्या लिनन गिरणीत प्रजासत्ताकवादी इतिहासाचे, तर क्रेगा रोडवर ऑरेंज संघटनेच्या वारशाचे संग्रहालय आहे. १७८८ मध्ये स्थापन झालेल्या लिननहॉल ग्रंथालयाने १९६८ पासून सर्व पक्षांची पत्रके, भित्तिपत्रके व नियतकालिके जमवली असून अभ्यासकांसाठी हा संग्रह अमूल्य मानला जातो.

इतर प्रमुख स्थळे

टायटॅनिक परिसर : हारलँड अँड वुल्फ या १८६१ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या कारखान्यात टायटॅनिक जहाज बांधले गेले. ३१ मे १९११ रोजी ते पाण्यात उतरवण्यात आले आणि २ एप्रिल १९१२ रोजी त्याने बेलफास्ट सोडले. ३१ मार्च २०१२ रोजी येथे उघडलेल्या 'टायटॅनिक बेलफास्ट' संग्रहालयाच्या इमारतीची उंची त्या जहाजाच्या सांगाड्याइतकी आहे. जवळच टायटॅनिकपर्यंत प्रवासी पोहोचवणारी 'नोमॅडिक' ही छोटी बोट व पहिल्या महायुद्धातील 'कॅरोलाइन' ही युद्धनौका जतन केलेली आहे. 'सॅमसन' व 'गोलायथ' या कारखान्याच्या दोन अजस्र पिवळ्या याऱ्या शहरातून दूरवरून दिसतात. टायटॅनिक हा साऱ्या शहराचा समान वारसा म्हणून मांडला जातो. तथापि, तेथील कामगारवर्ग बहुतांशी प्रोटेस्टंट होता, हे इतिहासकार लक्षात आणून देतात.

सिटी हॉल : १९०६ मध्ये पूर्ण झालेली ही घुमटाकार इमारत पोर्टलंडच्या पांढऱ्या दगडात बांधलेली आहे. तिच्या आवारात टायटॅनिकच्या मृतांचे स्मारक आहे. १८८४ ते १८८८ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड डफरिन यांचे स्मारकही येथे आहे. मुंबईत भारतीय राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. डफरिन यांच्या पुतळ्याच्या बाजूला एक भारतीय व एक कॅनेडियन अशा आकृती कोरलेल्या आहेत.

स्टॉरमाँट : शहराच्या पूर्वेस असलेले हे संसदभवन १९३२ मध्ये खुले झाले. १९९८ नंतरची सत्तावाटपावर आधारित विधानसभा येथेच भरते. पक्षांतील मतभेदांमुळे तिचे कामकाज अनेकदा दीर्घकाळ बंद राहिले आहे.

विद्यापीठ परिसर : क्वीन्स विद्यापीठाची लाल विटांची मुख्य इमारत लॅनियन यांनी रेखाटलेली असून ती १८४९ मध्ये सुरू झाली. शेजारच्या वनस्पती उद्यानातील काच व लोखंडाचे 'पाम हाउस' आणि अल्स्टर म्युझियम येथे प्रवेश विनामूल्य आहे.

याशिवाय एकोणिसाव्या शतकातील सेंट जॉर्जेस मार्केट, टेकलेला दिसणारा अल्बर्ट घड्याळमनोरा, सेंट ॲन कॅथीड्रल, नॅशनल ट्रस्टच्या मालकीचे 'क्राउन' हे नक्षीदार फरशांचे मद्यगृह आणि शहराच्या उत्तरेची केव्ह हिल ही टेकडी प्रेक्षणीय आहेत. केव्ह हिलच्या माथ्यावरून संपूर्ण शहर, बंदर व खाडी दृष्टिपथात येते. एवढ्या उंचीवरून भिंती मात्र ओळखू येत नाहीत.

मार्गदर्शित सहली

१९७० च्या दशकाच्या आरंभी दंगलखोर बसगाड्या पळवून त्यांचे अडथळे उभारत, त्यामुळे अनेक भागांतील बससेवा बंद पडे. तेव्हा लंडनमधून आणलेल्या जुन्या काळ्या टॅक्सी फॉल्स व शँकिल मार्गांवर सामायिक भाड्याने धावू लागल्या. पुढे याच टॅक्सींमधून चालक पर्यटकांना भिंती व भित्तिचित्रे दाखवू लागले आणि 'ब्लॅक टॅक्सी सहल' रूढ झाली. काही पायी सहलींचे मार्गदर्शन माजी राजकीय कैदी करतात. एका प्रकारच्या सहलीत फॉल्सचा भाग माजी प्रजासत्ताकवादी कैदी दाखवतो. फाटकाशी पोहोचल्यावर तो पर्यटकांना माजी लॉयलिस्ट कैद्याच्या हवाली करतो. एकाच घटनेची दोन परस्परविरोधी कथने अशा रीतीने श्रोत्यांसमोर येतात.

उत्सव व मिरवणुका

११ जुलैच्या रात्री प्रोटेस्टंट वस्त्यांत लाकडी फळ्या रचून अनेक मजली उंचीच्या होळ्या पेटवल्या जातात आणि १२ जुलैला ऑरेंज संघटनेच्या वाद्यवृंदांसह मिरवणुका निघतात. ऑगस्टमध्ये पश्चिम बेलफास्टमध्ये 'फेला अन फोबल' म्हणजे 'लोकांचा उत्सव' भरतो. १९८८ मध्ये त्याची सुरुवात झाली. काही मिरवणुकांचे मार्ग व होळ्यांवर जाळले जाणारे झेंडे यांवरून अधूनमधून तणाव निर्माण होतो. भारतीय वंशाच्या रहिवाशांची संस्था व मंदिर क्लिफ्टन स्ट्रीटवर असून उन्हाळ्यात बहुसांस्कृतिक 'बेलफास्ट मेळा' भरतो.

टीका व वाद

संघर्षस्थळांच्या पर्यटनावर अनेक बाजूंनी टीका होते. दुःखाचे प्रदर्शन मांडून त्यावर पैसा मिळवला जातो, हा पहिला आक्षेप आहे. पर्यटकांच्या गाड्या थांबतात, छायाचित्रे घेतली जातात, परंतु खर्च होतो तो शहराच्या मध्यभागातील हॉटेलांत. भिंतीलगतच्या गरीब वस्त्यांच्या वाट्याला त्यातले फारसे काही येत नाही, हा दुसरा. ज्यांच्यावर हिंसेचे आरोप सिद्ध झाले होते, अशा व्यक्तींनी मार्गदर्शक म्हणून इतिहास सांगावा काय, असा तिसरा प्रश्न मृतांचे नातेवाईक विचारतात. याउलट, उघडपणे बोलल्याने नव्या पिढीला हिंसेची किंमत कळते व माजी कैद्यांना सन्मानाने उपजीविका मिळते, असे समर्थक म्हणतात.

न्यायाचा प्रश्नही पूर्णपणे मिटलेला नाही. ऑगस्ट १९७१ मध्ये बॅलिमर्फी येथे ठार झालेले १० जण पूर्णतः निर्दोष होते, हा निष्कर्ष न्यायालयीन मृत्यू-चौकशीत २०२१ मध्ये, म्हणजे तब्बल ५० वर्षांनी निघाला. अशी अनेक कुटुंबे आजही उत्तराच्या प्रतीक्षेत आहेत. त्यामुळे भित्तिचित्रातील एखादा चेहरा पर्यटकासाठी इतिहास असला, तरी शेजारच्या घरासाठी तो चालू वर्तमान असतो.

सद्यःस्थिती व प्रवास

सर्वसाधारण काळात शहर पर्यटकांसाठी सुरक्षित मानले जाते. तथापि एप्रिल २०२१ मध्ये लॅनार्क वे येथील फाटकाजवळ दंगल होऊन एक बस जाळण्यात आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये स्थलांतरितांच्या दुकानांवर हल्ले झाले. दुसऱ्या घटनेचा रोख जुन्या पंथभेदावर नव्हता. नव्याने स्थायिक झालेल्या लोकांविरुद्ध ती हिंसा होती. बहुसंख्य मुले अजूनही आपापल्या समाजाच्या शाळांत जातात. दोन्ही समाजांच्या मुलांना एकत्र शिकवणारी पहिली शाळा, लॅगन कॉलेज, १९८१ मध्ये बेलफास्टमध्येच सुरू झाली.

शहराला दोन विमानतळ आहेत. त्यांपैकी शहरालगतच्या विमानतळाला येथील फुटबॉलपटू जॉर्ज बेस्ट याचे नाव देण्यात आले आहे. डब्लिनहून रेल्वे व बसने सुमारे दोन ते अडीच तासांत बेलफास्टला पोहोचता येते. २०२४ मध्ये ग्रँड सेंट्रल हे नवे रेल्वे व बसस्थानक सुरू झाले. आयर्लंड प्रजासत्ताकाच्या सीमेवर नेहमीची तपासणी चौकी नसली, तरी देश बदलत असल्याने भारतीय नागरिकांना ब्रिटनमधील प्रवेशासाठी वैध असलेला व्हिसा आवश्यक असतो. चलन पाउंड आहे. २०१८ पासून धावणाऱ्या 'ग्लायडर' या जोडबसचा एक मार्ग पूर्व व पश्चिम बेलफास्टला शहराच्या मध्यातून थेट जोडतो. पूर्वी एकमेकांच्या भागात पाऊलही न ठेवणारे प्रवासी त्यामुळे आज एकाच बसने प्रवास करतात.